डब्यातली काळी भुकटी

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. दारात चपला साचतात तसे ते साचतात. एक एक करून येतात आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या दारात असेच साचले. आता मी दमले, म्हणून बाहेर काढते.

निडीच्या स्टेशनावर उभं राहिलं की समोर टेकाड दिसतं. त्याच्या उतारावर आमचा वरकसाचा तुकडा आहे. तिथं भात होत नाही. पूर्वी नाचणी, वरी व्हायची. बांधाचे दगड आमच्या ह्यांनी एकेक करून रचलेले. हे गेले, माझे गुडघे गेले, मग नुसतं गवत.

माझा मुलगा दिनेश रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो. वडखळचा एक एजंट त्याच्या मागं लागलेला, तुकडा विका, बंगले बांधायचेत म्हणून. दिनेश म्हणाला, "आये, एक पावसाळा देतो. काय पिकलं तर ठेवू. नायतर दिवाळीआधी सही करून मोकळा होतो."

पोरगा वाईट नाही हो. तोही दमलेला.

*

त्याच वर्षी शेतकी खात्याची मॅडम पेणहून स्कूटीवर आली. आमच्या बचत गटाला म्हणाली, वरकसावर सोयाबीन करून बघा. प्रत्येकीच्या हातात बियाणं दिलं आणि काळ्या भुकटीचं एक पाकीट.

"आजी, यात जिवाणू आहेत. जिवंत! बियाला चोळायचे. मग ते मुळाला गाठी करून राहतात, हवेतलं खत पकडतात आणि झाडाला देतात."

माझी शेजारीण यमुना, तिच्या तोंडाला कधी झाकण नसतं. तिनं विचारलं, "आणि झाड त्यांना काय देतं?"

"खायला देतं. साखर."

"म्हंजे घरजावई!" यमुना म्हणाली. "पण हे तरी कामाचे दिसतात गो. आमच्याकडं आला तो नुसता साखरच खातो!"

*

मॅडम बजावून गेली, पाकीट थंड जागेत ठेवा, ऊन लागलं तर आतले मरतील. मला अक्षर येत नाही, पण सांगितलेलं विसरत नाही. फ्रिजात ठेवलं. शेजारी बोंबलाचं कालवण! म्हटलं, जिवंत आहेत बिचारे, वास कशाला द्या. म्हणून भुकटी स्टीलच्या डब्यात काढली.

दुसऱ्या दिवशी दिनेश पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आला. मी पडवीत तांदूळ निवडत होते. आतून ओरडला, "आये, कसली चहापावडर आणलीस? मघापासून उकळतोय, वासच येत नाय!"

मी गुडघे विसरून आत धावले. टोपात काळं पाणी रटरटत होतं.

"मारलेस रे! उकळून मारलेस सगळे!"

"कोणाला मारलं?" पोरगा चमच्यासकट मागं सरला.

सगळं सांगितल्यावर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चहापावडर फ्रिजात बघितली तेव्हा वाटलं, आयेचं वय झालं. बोललो नाय. म्हटलं, आता असंच चालायचं."

डब्यात अर्धी भुकटी उरली होती. तेवढ्यावर भागवलं. मॅडमला सांगितलं नाही. काय सांगणार, तुमचे जिवाणू चहात गेले?

*

गुळाचं पाणी करायचं, थंड झाल्यावर त्यात भुकटी कालवायची, बियाला हलक्या हातानं चोळायची आणि सावलीत वाळवायचं. सावलीत! जन्मभर मी बियाण्याला उन्हं दाखवली. वालाला तर चार उन्हं दिल्याशिवाय मी कणगीत घालत नाही. हात आपोआप अंगणाकडं जायचे, मी ते मागं घ्यायचे. पडवीत पसरलं तर गुळाला मुंग्या. सकाळभर सुपानं मुंग्या हाकत बसले. तसंच उचलून दुपारी पेरलं.

यमुनाला सावलीवर भरवसा नाही. तिनं पत्र्यावर कडकडीत ऊन दिलं.

महिन्यानं माझं रान काळंभोर हिरवं, तिचं काविळीनं धरल्यासारखं. मॅडमनं तिची रोपं उपटली, मुळं साफ मोकळी. "मावशी, उन्हात मेले ते."

यमुनानं माझ्याकडं बघितलं. "तुझे जगले, माझे मेले. सुतक पाळू का गो?"

*

आता चपलांचं सांगते. खाली जिवंत काहीतरी आहे, आपल्यासाठी राबतंय, हे डोक्यात बसलं आणि मला काय झालं कोण जाणे. तुकड्यात कोणाला चपला घालून येऊ देईना. बांधावर काढायच्या, मग आत.

मॅडम हसली. "आजी, चपलेनं ते मरत नाहीत."

"मरत नसतील. तुमच्या अंगावरनं कोण चपला घालून गेला तर तुम्हीपण मरणार नाय. पण चालेल काय?"

मॅडमनं सँडल काढले.

दिनेशनं नाही. तो कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट घालून सरळ आत शिरला, इकडनं तिकडं चालून आला. "आये, देऊळ बांधलंस काय इथं?"

मी तण उपटत राहिले. भांडायला पण ताकद लागते.

*

पीक चांगलं आलं, तिथंच घात झाला.

कारण चांगलं आलंय हे बघायचं कसं? झाड उपटून! मुळाच्या गाठी बघायच्या, नखानं एक फोडायची, आत लाल निघाली की म्हणायचं, काम चालू आहे. मॅडमनं एक उपटून दाखवलं. मग गटातल्या बायांनी एकेक उपटलं. मग शेजारच्या जिते गावच्या बाया आल्या, त्यांनी. मग मॅडमचे साहेब आले, त्यांच्याबरोबरच्यांनी प्रत्येकानं एकेक हातात धरून फोटो काढला. सगळे अनवाणी, ते मात्र खरं.

एकदा दिनेश तिथं होता. त्यानं पण एक उपटलं. गाठ फोडली, बराच वेळ बघत बसला. मग मी बघतेय म्हणून टाकून दिलं.

साहेब जाताना म्हणाले, "आजी, प्रयोग यशस्वी!"

"व्हय," मी म्हटलं, "पण उरलाय किती ते बघा!"

*

कापणी केली. मॅडम म्हणालेली, कापा, उपटू नका, मुळं आत राहू द्या. तशीच कापली. एक गोणी भरली, दुसरी अर्धी. दिनेशनं गोण्या बघितल्या आणि शिफ्टला गेला. दीड गोणीसाठी तुकडा ठेव, असं कुठल्या तोंडानं म्हणू? पावसाळा त्यानं दिला होता, तो संपला.

दोन दिवसांनी दुपारी तुकड्यावर गेले तर यमुना! पदर खोचून माझी माती घमेल्यात भरत होती. मॅडमनं सांगितलेलं ना, एकदा जिवाणू बसले की मातीतच राहतात, म्हणून.

"चोरतेस काय गो? मागितली असतीस तर दिली नसती मी?"

"दिली असतीस. पण चपला काढायला लावल्या असत्यास!"

खाली बघितलं. तिच्या पायात चपला! मी दगडावर बसले आणि हसले. किती दिवसांनी हसले असेन. मग म्हटलं, "भर. शिगोशीग भर. पुढल्या वर्षी इथं कोण बंगला बांधील, त्याला काय करायचेत जिवाणू?"

यमुनाचे हात थांबले. घमेलं तिथंच ठेवून माझ्याजवळ येऊन बसली.

*

रविवारी एजंट आला. पांढरी गाडी, पांढरे बूट, हातात मोजायची टेप. दिनेश शिफ्ट संपवून तसाच कंपनीच्या कपड्यात आला. मी बांधावर बसले होते. म्हटलं, ह्यांचे दगड आहेत, शेवटपर्यंत बसू.

तुकड्यात कापलेली बुडखं उभी होती, रांगेनं. मध्ये यमुनाचं घमेलं तसंच पडलेलं.

"चला दिनेशशेठ," एजंट टेप उलगडत म्हणाला, "कुठला कोपरा धरू?" आणि त्यानं एक पाय आत टाकला.

"थांबा," दिनेश म्हणाला. "बूट काढा."

"काय?"

"बूट. बांधावर काढायचे. इथं तशी पद्धत हाय."

एजंट हसला. माझ्याकडं बघितलं, परत दिनेशकडं बघितलं. "मस्करी करता काय राव! मोजून तर घेऊ."

दिनेश हसला नाही. तो माझ्या शेजारी दगडावर बसला आणि त्याच्या जड बुटांच्या नाड्या सोडायला लागला.