चूलबंद आवतनाची लिंक

चहा घ्या, अन् हसायचं तर आताच हसून घ्या, कारण मधे हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. इतक्या हुशारीनं केलेला गाढवपणा आमच्या अमरावतीत दुसऱ्या कोणी केला असेल, असं मला वाटत नाही.

झालं असं, की ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट सापडली. अकोटचं लग्न. दुकानात देऊन ती मोबाइलवर उतरवून घेतली, अन् पाहतो तर त्यात माय! जाऊन कितीतरी वर्षं झालेली माझी माय, डोक्यावर पदर, हातात तुपाची वाटी, चालती-बोलती! फोटो आहेत हो तिचे, पण आवाज कुठं होता आमच्याकडे? मी लहान पोरासारखा रडलो.

पण भानगड ऐका. माय तिथं करत काय होती? ताईच्या सासऱ्यांची नक्कल! पंगतीत ते तोंडानं "बस, बस" म्हणायचे अन् वाटी आणखी पुढं सरकवायचे. मायनं ते हुबेहूब करून दाखवलं होतं. "आमचे इवाई पाह्यले का व? तोंड म्हन्ते बस, हात म्हन्ते वाढ!" बाया नुसत्या लोळत होत्या.

आता हे इवाई, म्हणजे आमचे व्याही तात्याजी, दर्यापूरला अजून ठणठणीत आहेत. ताई त्यांच्याच घरात नांदते. मानी माणूस! लग्नात वरणाला उशीर झाला म्हणून रुसून बसले होते. त्यांनी ही नक्कल पाहिली तर ताईला त्या घरात सुखाचा घास मिळेल का, तुम्हीच सांगा.

म्हणून ठरवलं, ताई आणि अकोल्याचा धाकटा सुरेश, या दोघांनाच दिसलं पाहिजे. मग लागलो जागा शोधायला. चॅटच्या ग्रुपवर टाकावं, तर तिथं सकाळी सगळ्यात पहिलं गुड मॉर्निंग तात्याजींचं! त्या नेहमीच्या व्हिडिओच्या साइटवर ठेवावं, तर एक बटण चुकलं की इवायाची नक्कल जगभर. एक अॅप तर म्हणे आपोआप 'आठवणी' काढून नातेवाइकांना दाखवतं. अरे बापा! शेवटी एक सापडलं. लिंक आणि पासवर्ड असेल त्यालाच दिसणार, अन् किती जणांनी पाहिलं तेही कळणार. मी स्वतःवरच खूश होऊन दोघांना लिंक पाठवून दिली.

दोन-तीन दिवस गेले. पाहणारे शून्य! सुरेशला फोन लावला.

"काहून रे, मायचा व्हिडिओ पाह्यला नाही?"

"ताईच्या आंधी मी कसा पाहू? अन् ताई रुसली हाय तुह्यावर."

"कशापायी?"

"लिंक फेकून मोकळा झाला ना तू! मायले पाहाले बोलावतं, अन् तोंडानं आवतन नाही? फोन कर तिले, रीतीनं सांग."

पटलं मला. आमच्याकडे छापील पत्रिका घरात येऊन पडली तरी तोंडी आवतन लागतं. ते नसेल तर माणूस येत नाही, वरून वर्षभर बोलत नाही. लगेच ताईला फोन केला.

"ताई, आवतन हाय बरं!"

"आता सुचलं का तुले?" आवाज फुगलेला. "अन् आवतन कसं हाय?"

आणि माझी जीभ! जन्मभर लग्नाला, बारशाला जे म्हणत आलो तेच सवयीनं सुटलं. "कसं म्हंजे? चूलबंद आवतन हाय!"

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या एकूणएक माणसानं यायचं, त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही. एकूणएक म्हणजे सासऱ्यासकट! हे माझ्या ध्यानात फोन ठेवल्यावर आलं. परत लावला.

"ताई, तू एकटीच पाह्य व. मोबाइलवर पाह्य."

"आवतन देऊन वापस घेते का कोनी? मामाजी नवा सदरा घालून बसले. संध्याकाळी टीव्हीवर लावून राह्यलो. शेजारचेही येनार हायेत!"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, तात्याजीच! व्हिडिओ काढून टाकावा? बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण ताई मायला पाहायला बसणार होती हो, काढून कसा टाकू? मिळाली ती एसटी धरली. म्हटलं, निदान टीव्हीची वायर तरी ओढू.

पोचलो तर दारात चपलांचा ढीग. आत टीव्हीवर माय वाटी पुढं सरकवत होती, अन् घरात चिडीचूप! ताईनं पदर तोंडात धरलेला. सगळे तात्याजींकडे पाहत होते. मी उंबऱ्यातूनच टीव्हीची वायर शोधू लागलो.

"थांबवा ते," तात्याजी म्हणाले. कोणीतरी थांबवलं.

"आता पुन्हा पयल्यापासून लावा."

पुन्हा लागलं. म्हातारा हसत होता अन् डोळे पुसत होता. "विहीनबाईनं हे माह्या तोंडावरच केलं होतं त्या दिवशी. माहा रुसवा त्याच्यानंच तं गेला! लय वर्सानं आवाज आयकला त्यायचा."

घ्या! मी इतका हलका झालो की सगळ्यांच्या पुढं जाऊन बसलो. अन् इथंच फसलो. कारण हा व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता. मायचा आवाज आला की डोळे भरायचे अन् मी बंद करून टाकायचो.

पुढं कॅमेरावाल्यानं मायला विचारलं, "पोरीचं झालं, आता थोरल्या पोराचं कधी?"

"त्याचं कसं करू बापा?" माय म्हणाली. "एवढा घोडा झाला, कॉलेजात शिकते, पन अंधार पडला का अंगनातल्या मोरीवर एकटा जात नाही. मले संग नेते. मी बाहीर गाने म्हनत उभी राह्यतो. मी नसली तं याच्यासाठी कोन गाने म्हनीन?"

आधी ताई फुटली, मग भाचे, मग शेजारपाजार. तात्याजी खुर्चीतून पडायचे राहिले. मीही हसत होतो, अन् डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं. पासवर्ड कशाला लावायला हवा होता, ते आत्ता कळलं!

शेवटच्या गाडीसाठी उठलो तेव्हा अंधारून आलं होतं. तात्याजींनी काठी घेतली. "चाल, स्टँडवर येतो संग."

आणि तो मानी म्हातारा, शेजारपाजाऱ्यांच्या देखत, खड्या आवाजात गाणं म्हणत मला सोडायला निघाला! अख्खी गल्ली दारात येऊन हसत होती.

लाज वाटली का म्हणता? अहो, पुढच्या वळणावर दिवे नव्हते. मीच त्यांचा हात धरला होता.