चिंधी बांधलेला दोडका

भाजी घ्यायला मी थेट सखूमावशींच्या मळ्यात जाते. गेल्या वर्षी तिथल्या कुंपणावर एक देखणा दोडका लोंबत होता, देठाला लाल चिंधी बांधलेला. मी हात घातला तशा मावशी ओरडल्या, “अगं, हात लावू नको! बियाचा हाय तो.”

वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका मावशी पुढच्या वर्षीच्या बियांसाठी वेलावरच वाळू देतात. उद्या जगानं काय खायचं, याची मोठमोठी माणसं चिंता करतात. मावशींनी ती चिंता कुंपणावर उन्हात टांगली होती आणि स्वतः खुशाल हसत होत्या.

निघताना त्यांनी मूठभर काळ्या बिया दिल्या.

आज माझ्या गच्चीत पहिला दोडका धरलाय. शेजारीण म्हणाली, “कोवळा आहे, भाजी कर की!”

“हात लावू नको!” मी ओरडले आणि चिंधी शोधायला घरात पळाले.