गोदाबाईंचं मखर

माझ्या सासूबाई, गोदाबाई, मशीनवर बसल्या की घरात कोणी तोंड उघडायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. दारावरची घंटा वाजली तरी त्या उठत नाहीत. एकदा अंकुर, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि "आई, मोठ्या बाबांचा फोन आहे," म्हणाला. सासूबाईंनी आधी पायाखालचं बटण सोडलं, पातं पुरतं थांबेपर्यंत वाट पाहिली, डोळ्यांवरचा जाड चष्मा कपाळावर चढवला आणि मग त्याला जे सुनावलं, ते मोठ्या बाबांनी, म्हणजे अंकुरच्या थोरल्या काकांनी, तिवशात बसून फोनवर ऐकलं.

"मांगून येऊन बोलते का रे? बोट गेलं असतं माहं, त तू लावून देनार होता काय?"

बँकेत हाताखाली माणसं वागवणारा माझा नवरा तेव्हापासून त्या खोलीत समोरूनच जातो.

मशीन मुळात माझी, हे आता सांगून कोणाला पटत नाही. स्क्रोल सॉ म्हणतात तिला. शिवणयंत्रासारखंच काम. सुईच्या जागी करवतीचं अगदी बारीक पातं असतं, ते खालीवर होत राहतं, आणि आपण लाकडाची फळी दोन्ही हातांनी दाबून रेघेवरून फिरवत न्यायची. जाळी, पानंफुलं, नावाच्या पाट्या, काय वाटेल ते कापता येतं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मला हौस आली आणि मी ती मागवली. अमरावतीच्या आमच्या घरात तो खोका आला तेव्हा सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

श्रावणात माझे हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले होते. कापता कापता भुसा साचला, रेघ दिसेनाशी झाली, आणि मी शहाणी, मशीन चालूच ठेवून हाताने भुसा झटकायला गेले. बांगड्या घसरून मनगटावर आल्या आणि पातं धरणाऱ्या चिमट्याला लागल्या. दोन-तीन बांगड्या तिथल्या तिथे पिचल्या, काच मनगटात शिरली. सासूबाई धावत आल्या. त्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग काच काढली, हळद दाबली.

"बांगड्या काढून बसत जा. नाही त बसू नोको."

"श्रावणात कशा काढू, आई? मोठी आई काय म्हणतील?"

मोठी आई म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या जाऊ, मनकर्णाबाई. तिवशाला मोठ्या बाबांच्या, म्हणजे भगवंतरावांच्या घरी त्यांचं राज्य. त्यांचं नाव घेतल्यावर सासूबाई स्वतःच्या हातांकडे पाहू लागल्या. सासरे गेले तेव्हा अंकुर शाळेत होता. तेव्हा उतरलेल्या बांगड्या त्यांनी पुन्हा कधी भरल्या नाहीत.

"मंग सरक," म्हणाल्या. "माह्या हाताले अडकाले काही नाही."

आणि बसल्या. मी बाजूला सरकले ती सरकलेच.

शिकताना पाती किती तुटली याची गणतीच नाही. पातं ढिलं राहिलं की रेघ सोडून भलतीकडे जायचं, फार ताणलं की टणकन तुटायचं. पण बाई लहानपणापासून भजनात एकतारी वाजवणाऱ्या. मोझरीच्या आश्रमात त्यांचं मंडळ अजूनही जातं. एक दिवस त्यांनी पात्याला नखाने छेडलं, कान लावला, चावी थोडी पिळली, पुन्हा छेडलं आणि म्हणाल्या, "हं, आता बोलली." त्या दिवसापासून पाती तुटायची कमी झाली.

त्यांचं बसणंही पाहण्यासारखं. पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांचा आंबाडा, गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. बोटं पात्याच्या दोन्ही अंगांना, समोर कधीच नाही. पातं बदलायचं तर आधी प्लग काढायचा. भुसा झटकायला जुना रंगाचा ब्रश, तोही मशीन थांबल्यावर. कूलर मात्र बंद, कारण त्याच्या वाऱ्याने भुसा डोळ्यांत येतो. अमरावतीच्या मे महिन्यात कूलर बंद करून दुपारी काम करणं म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी दारातून पाहूनच घामाघूम व्हायची. त्या मला शिकवायच्या, "ढकलू नोको वो लाकूड. पातं आपल्या भुकेनं खाते."

पहिली नीट झालेली वस्तू म्हणजे दारावरची पाटी. वर मोठ्या अक्षरांत गोदाबाई, खाली बारीक अक्षरांत अंकुर आणि दामिनी. अंकुर म्हणाला, "आई, आमची नावं दिसतच नाहीत." त्या म्हणाल्या, "जवळ येऊन वाच."

अशी ही तोंडाळ बाई एकाच गोष्टीत मुकी होती. ती म्हणजे महालक्ष्म्या.

भाद्रपदात आमच्या महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, तिवशाला बसतात. सासूबाई चार दिवस आधी जायच्या. भांडी घासणं, दळण, सोळा भाज्या चिरणं, पुरण वाटणं, सगळं त्यांच्याकडे. पण स्थापनेची वेळ झाली की सवाष्णी पुढे आणि त्या मागच्या खोलीत. मुखवट्यांना त्यांनी हात लावायचा नाही. आरती त्या भिंतीपलीकडून म्हणायच्या. मला दरवर्षी राग यायचा. त्या काही बोलत नसत, म्हणून मीही बोलत नसे.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मोठ्या बाबांचा फोन आला की थर्माकोलचं मखर उंदरांनी कुरतडलं. फोन स्पीकरवर होता. सासूबाई एकदम म्हणाल्या, "मखर मी करतो."

तिकडे मनकर्णाबाईंनी फोन ओढून घेतला. "तू? महालक्ष्म्याचं? अवं गोदे, सवाष्णीच्या हातचं लागते. दामिनीले बसव. अन् हात भरून बसव, उघड्या हातानं नाही."

आता मी सोडते थोडीच. म्हटलं, "मोठी आई, बांगड्या घालून बसले तर मनगट कापतं. काढून बसले तर तुम्हाला चालत नाही. तुम्हीच सांगा, बसू कशी?"

पलीकडे मोठे बाबा खो-खो हसले. "मंग कापू दे ना तिलेच. मशीन काय सवाष्ण पाहून चालते?"

मनकर्णाबाई शेवटी म्हणाल्या, "कापू दे. पन इथं मांडू आमी. तिनं हात लावाचा नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. मी भांडणाच्या तयारीत होते, आणि ही बाई "बरं" म्हणून मोकळी. संध्याकाळी भाजी निवडताना मात्र त्यांनी सांगितलं, "मले आपल्या हातानं मांडाचं होतं वो. भिताडामांगून आरती म्हनून कटायली मी." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं.

मखरावर कमळं नि मोर असतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काढली उललेली, कापूस बाहेर आलेली कपाशीची बोंडं आणि संत्र्याच्या फांद्या. "लक्षुमी आपल्या घरी कायच्यावर बसून आली? कमळावर?" असं मलाच विचारलं. मशीनच्या घशात मोठी फळी मावत नाही, म्हणून सगळं मखर लहान लहान पट्ट्यांत कापायचं आणि खाचेत खाच अडकवून उभं करायचं ठरलं. खिळा नाही, डिंक नाही. प्रत्येक जाळीसाठी आधी बारीक भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं, वरचा चिमटा घट्ट करायचा, आतलं कापायचं, पुन्हा सोडवायचं, पुढचं भोक. उन्हाळाभर हेच चाललं.

सगळ्यात वरची कमान होत आली होती. शेवटचं भोक राहिलं आणि एका बोंडाचा देठ कटकन मोडला. आता मशीन खिडकीबाहेर जाते की काय, असं मला वाटलं. पण त्या उठल्या, प्लग काढला, चेहऱ्यावरचा भुसा पुसला. "रागात मशीनवर बसाचं नाही," एवढंच बोलल्या आणि भजनाला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी नवी फळी घेतली. या वेळी सगळे देठ लाकडाच्या रेषेच्या बाजूने येतील असं चित्र फिरवून चिकटवलं. कमान अखंड उतरली. ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरून त्या अख्ख्या घरात मिरवल्या, शेजारच्यांनाही बोलावून दाखवली. नम्रपणा आमच्या सासूबाईंना कोणी शिकवला नाही, आणि बरंच झालं.

पट्ट्या बांधताना मी विचारलं, "आई, मागे आकडे टाकू का? कोणती कुठे ते कळेल."

"काहून? मले मालूम हाय."

यात डाव होता की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही.

स्थापनेच्या दिवशी तिवशाच्या घरात भावकीतल्या सवाष्णी जमल्या. सासूबाई ठरल्याप्रमाणे मागच्या खोलीत भाज्या चिरत बसल्या. खालची चौकट मी बसवली. वरच्या पट्ट्या मात्र मलाही एकसारख्या दिसायला लागल्या. ही इकडे लाव, ती तिकडे लाव, असं करता करता मखर एका बाजूला कललं. गुरुजी घड्याळ पाहू लागले.

मनकर्णाबाई घामाघूम झाल्या होत्या. चिडून म्हणाल्या, "वाकडंच कापलं हाय तिनं!"

मागच्या खोलीतून आवाज आला, "नाचता येईना त अंगन वाकडं!"

बायका खुसखुसल्या. मनकर्णाबाईंचा पारा चढला. त्यांनी खलातला बत्ता उचलला, कमान खाचेत ठोकून बसवायला. तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ठेवा तो बत्ता खाली, मोठ्याबाई! एक देठ मोडला त पाहाच मंग!"

सासूबाई मागच्या खोलीच्या उंबरठ्याच्या आतच थांबल्या होत्या. मनकर्णाबाईंनी हातातल्या कमानीकडे पाहिलं, त्या बोंडांवरून बोट फिरवलं. त्यांनीही जन्मभर कापूसच वेचला होता. बत्ता खाली ठेवला. "ये बाई," म्हणाल्या. "मले नाही जमत. उभं करून दे."

कोणीही दुसरी बाई असती तर डोळे पुसत पुढे आली असती. गोदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मखर मी मांडीन, त मुखवटे बी मीच ठेवीन. नाही त सुरी ठेवली हाय, भाज्या चिराच्या हायेत."

मनकर्णाबाईंनी मोठ्या बाबांकडे पाहिलं. मोठे बाबा छतावरच्या पंख्याकडे पाहत राहिले. गुरुजी पोथीत तोंड घालून बसले. ठरवायचं होतं ते मनकर्णाबाईंना एकटीलाच.

"ठेव," म्हणाल्या.

सासूबाई आल्या. पदर कमरेला खोचला आणि एक एक पट्टी उचलून बसवत गेल्या. न पाहता, न थांबता. शेवटी कमान वर टेकवली, तळहाताने दाबली आणि ती टक् करून बसली. मखर ताठ उभं राहिलं. जाळीतून मागच्या समईचा उजेड आला आणि बोंडं पांढरी दिसायला लागली. मग मुखवट्यांखालच्या कोठ्या ठेवल्या, बायकांनी साड्या नेसवल्या, आणि मनकर्णाबाईंनी स्वतः ताटातला ज्येष्ठेचा मुखवटा उचलून गोदाबाईंच्या ओंजळीत दिला.

सासूबाईंनी मुखवटा ठेवला, दोन पावलं मागे आल्या, एक डोळा मिटून पाहिलं, पुढे जाऊन तो जरासा डावीकडे सरकवला. दुसराही ठेवला. मग आम्हा सगळ्यांकडे वळल्या. "पाहून काय राहिल्या? आरती म्हना की!" आणि सुरुवात स्वतःच केली, अशा खणखणीत आवाजात की रस्त्यावरचे लोक खिडकीशी आले. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. आरती संपेपर्यंत मी महालक्ष्म्यांकडे कमी आणि सासूकडे जास्त पाहिलं.

भावकीत पुढे महिनाभर चर्चा झाली. कोणी नावं ठेवली, कोणी मखराचे फोटो मागवले. सासूबाईंनी दोन्हींकडे सारखंच लक्ष दिलं, म्हणजे अजिबात दिलं नाही.

परवा मनकर्णाबाईंचा फोन आला. महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत. मी म्हटलं, आई मशीनवर आहेत, निरोप सांगते.

"सांग तिले," म्हणाल्या, "लवकर ये म्हना. मुखवटे कपाटातच हायेत. तू आल्याबिगर मी ते काढत नाही."