चपलेचा गुण

माझ्या थोरल्या दिरांचं वाईट व्हावं, असं मी देवापुढं मागितलं होतं. लोक म्हणतात, असं मागू नये. मी दिवा लावून मागितलं.

गुलमंडीत दोघा भावांचं कापडाचं दुकान. आमचे हे साडी उलगडत बोलायला लागले की एक घ्यायला आलेली बाई दोन घेऊन जायची. त्या दुपारी मी डबा घेऊन पोचले, तर यांच्या उजव्या हातातून साडी घसरली. तोंड एका बाजूला ओघळलं. काहीतरी सांगत होते, पण शब्द चघळल्यासारखे निघत होते.

"दादा, यांना दवाखान्यात नेऊ," मी म्हटलं.

"फेफरं हाय ते," म्हणत दिरांनी पायातली चप्पल काढून यांच्या नाकाशी धरली. ना झटके, ना तोंडाला फेस, तरी फेफरंच! पण जरा वेळानं यांचा हात उचलला गेला, तोंड सरळ झालं, बोलणंही नीट आलं. "बघ, उतरलं. बायकांना दवाखान्याचा लई सोस."

चप्पल धरली नसती तरी ते उतरलंच असतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? मेंदूकडं जाणारं रक्त घटकाभर अडतं, पुन्हा सुरू होतं, आणि माणूस उठून चहा मागतो. गुण मात्र चपलेला. दीर गुलमंडीभर मिरवले. शेजारचा भांडीवाला तर त्यांना वैद्यबुवा म्हणायला लागला.

थोड्याच दिवसांत, हर्सूलच्या घरी जेवताना यांच्या हातून घास ताटात पडला. पुन्हा तीच चप्पल. मी पदर खोचून रिक्षा आणायला निघाले तर दिरांनी दार अडवलं. "थांब जरा, मागच्यावानी उतरंल." उतरलं नाही. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. दुकानात आपोआप बरं झालं होतं तोच इशारा होता, तेव्हाच आणायला हवं होतं.

आता यांच्या तोंडात एकच शब्द उरलाय, व्हय. भूक लागली तरी व्हय, दुखलं तरी व्हय. आणि दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "नशीब त्याचं." मी दात-ओठ खात चहा पुढं करायची.

यंदा संक्रांतीला दीर आमच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता हातातून निसटला. तेच ओघळलेलं तोंड, तेच चघळलेले शब्द. जाऊबाई धावत दारातली चप्पल घेऊन आल्या. मी ती हिसकावून घेतली.

दीर माझ्या हातातल्या चपलेकडं बघत होते. खरं सांगते, जीव सुखावला. धरावी नाकाशी आणि बसावं बघत. पण मुका झालेला माणूस कबूल काय करणार? मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी चप्पल त्यांच्या पायात घातली आणि त्यांना रिक्षात कोंबलं.

वाटेतच त्यांचं तोंड सरळ झालं. "उतरलं बघ. रिक्षा वळव."

"उतरलं म्हणूनच जायचंय, दादा." उतरायच्या बाजूला मी बसले होते. या खेपेला वाट मी अडवली.

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि आपोआप बरं होणं म्हणजे काय ते समोर बसवून समजावलं. ऐकताना दिरांचा चेहरा उतरत गेला. मी तो डोळे भरून पाहिला.

घरी आल्यावर ते यांच्या खाटेपाशी बसून रडले. "मी तुझं वाटोळं केलं. माफ केलंस का रे मला?"

"व्हय," हे म्हणाले.

दिरांनी डोळे पुसत माझ्याकडं पाहिलं. यांच्याकडं तेवढाच शब्द होता. माझ्याकडं दुसराही होता.

"नाय," मी म्हटलं.