दंडाची घागर

दिग्रसच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामाला कापूस वाहायला ज्या बायका यायच्या, त्यांत मानीबाई होती. अंगात आरशांची काचळी म्हणजे चोळी, कोपरापर्यंत बांगड्या आणि तोंड असं, की मुकादम तिच्याशी बोलताना आधी आपला आवाज खाली आणायचा. एकदा त्यानं एका पोरीच्या भरल्या पाटीला लाथ मारली, तर मानीबाईनं साऱ्या जिनासमोर त्याची अशी खरडपट्टी काढली, की पुढं कित्येक दिवस तो त्या बाजूला फिरकला नाही. अशी ही बाई. आणि ह्या बाईला तिच्याच तांड्यानं, तिच्याच माणसांनी, पंचांसमोर एक घोट पाजायचा चंग बांधला होता. ही त्या घोटाची गोष्ट आहे.

तांडा दिग्रसपासून दीडेक कोसावर, नाल्याच्या काठी. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूख पालथा घालणारी ही माणसं आता थोड्याथोडक्या जमिनीवर कापूस-ज्वारी पिकवून राहत होती. मानीबाई लग्न होऊन आली ती रामलालच्या घरी. रामलाल माणूस वाईट नव्हता, एवढं तरी म्हटलं पाहिजे. पण त्याचा दिवस दारूनं उगवायचा आणि दारूनंच मावळायचा. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि तो गेला. तांडा म्हणाला, कावीळ झाली. काविळीला दोष द्यायला कुणाचं काय जातं? दारूचं नाव कोण घेणार? घेणारे सगळे त्याच्याच बैठकीतले. तेव्हा थोरला खेमसिंग सात वर्षांचा होता आणि धाकटा देवसिंग अजून अंगावर पीत होता.

ती दोन पोरं तिनं एकटीनं कशी वाढवली ते सांगत बसत नाही. उन्हाळ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन ज्यांनी दिग्रसचा बाजार गाठला आहे, त्यांना ते सांगायला नको. खेमसिंग एकोणीस वर्षांचा झाला, औत धरू लागला. होळीला तो लेंगीची गाणी म्हणायला लागला, की पाण्याला निघालेल्या बायका डोक्यावरची घागर विसरून उभ्या राहायच्या. देवसिंग दिग्रसच्या शाळेत जात होता. एक शेत बघेल, दुसरा मास्तर होईल, असं आईला वाटायचं. वाटायला काय लागतं!

त्या दिवसांत सरकारची दारूबंदी होती. म्हणजे काय, तर ठेक्याचं दुकान बंद झालं आणि नाल्यात तांड्यातल्याच रामधनची भट्टी सुरू झाली. महिन्या-दोन महिन्यांनी झडती यायची. झडतीला आलेला जमादार काखेत बाटली घेऊन परत जायचा आणि रामधन त्याला हात जोडून वाटेला लावायचा. पूर्वी लग्नाला, सणाला म्हातारी माणसं मोहाची घ्यायची आणि घेऊन निजायची. आता बाजाराच्या दिवशी जिनातले मजूर यायचे, आसपासच्या गावांतली पाटलांची पोरं सायकलवरून यायची आणि तांड्यातली मिसरूड न फुटलेली पोरं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. नुसतं पिणं कुणाला पुरत नव्हतं, पैजा लागायच्या. कोण किती रिचवतो, कोण पहिल्या धारेची पाण्यावाचून उतरवतो. जो नको म्हणेल तो बायल्या आणि जो पिऊन पडेल तो मर्द. हे शहाणपण त्यांना कुठल्या शाळेत मिळालं नव्हतं. ते घरातच होतं, बापांकडून आलेलं.

ह्या तांड्यात न्यायाचीही एक रीत होती. गुन्हा झाला की पंच दंड ठोकायचे, आणि तो दंड दारूचा असायचा, जागच्या जागी पिऊन संपवायचा. पळसाच्या पानाचा पहिला द्रोण फिर्यादीच्या हातात. फिर्यादीनं घोट घेतला की निकाल मान्य झाला. मग पंच प्यायचे, मग सारा तांडा, आणि शेवटी गुन्हेगारही. सोनीबाई मानीबाईची शेजारीण. तिच्या नवऱ्यानं पिऊन तिचा हात मोडला, तेव्हा त्याला एक घागर दंड झाला. मोडका हात गळ्यात बांधून सोनीबाईनं दुसऱ्या हातानं द्रोण तोंडाला लावला. नवरा आपल्याच दंडाची पोटभर प्याला आणि घरी जाऊन त्यानं तिला पुन्हा बडवलं. मानीबाईही त्या दिवशी प्याली होती. सगळ्या बायकांनी घेतली, तिनंही घेतली. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंसुद्धा नाही, इतकी ती रीत अंगवळणी पडली होती.

मग एकसष्ट सालची होळी आली. धुळवडीच्या दुपारी रामधननं पोरांपुढं पैज टाकली. तांब्यावर तांब्या रिचवून जो शेवटपर्यंत पायावर उभा राहील, त्याला नवा फेटा. एकेक पोरगं कोलमडलं. खेमसिंग उभा राहिला. फेटा बांधून तो नाचला, त्यानं लेंगीची एक ओळ म्हटली, पुढची त्याला आठवेना, आणि तो निंबाखाली जाऊन उताणा पडला. पोरांनी हसत त्याच्या तोंडाला गुलाल फासला आणि ती परत भट्टीकडं गेली.

मानीबाई पाणी घेऊन त्याच्या जवळूनच गेली. तिनं त्याला पाहिलं. 'पडला का तूही?' असं मनाशी म्हणून तिनं रागानं तोंड फिरवलं. पिऊन पडलेला माणूस ही तांड्यात थांबून बघायची गोष्ट नव्हती. नवरा असाच पडायचा, सासरा असाच पडायचा. पडलेल्याला उठवू नये, उठला तर मारतो, एवढंच ती लग्न झाल्यापासून शिकली होती. सावली सरकली, ऊन त्याच्या तोंडावर आलं. जाणारं-येणारं प्रत्येक पोरगं त्याला थोडा रंग लावून जात होतं. उलटी घशात अडकून तो केव्हा गेला, ते एवढ्या गर्दीत कुणाला कळलं नाही. सोनीबाईला त्याच्या ओठांवर माशा दिसल्या आणि ती किंचाळली.

नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी कदाचित वाचला असता, असं पुढं दिग्रसच्या एका डॉक्टरनं तिला सहज बोलता बोलता सांगितलं. तेव्हापासून मानीबाईचा राग एकट्या रामधनवर राहिला नाही. तो तिला स्वतःलाही जाळायला लागला.

दिवस झाल्यावर एका सकाळी पंच बसले. तांड्याचा नायक भावसिंग मधोमध. पांढऱ्या मिशांचा, गोड बोलणारा माणूस. रामधन एका बाजूला मान खाली घालून बसला होता.

"बोल मानी," नायक म्हणाला. "तुही फिर्याद काय हाय?"

"माह्या पोराले यानं मारलं."

"म्या कायले मारू?" रामधन उसळला. "म्या का त्याच्या नरड्यात ओतली? सोताच्या हातानं घेतली त्यानं. पैज जिकली बाई तुह्या पोरानं! नवा फेटा देल्ला म्या त्याले."

"त्याच फेट्यात बांधून नेला त्याले," मानीबाई म्हणाली.

मग पंचांनी डोकी जवळ आणली आणि निकाल दिला: चूक रामधनची, दोन घागरी आणि एक बकरा. बसलेल्या माणसांत एक समाधानाची कुजबुज फिरली. दोन घागरी म्हणजे साऱ्यांना पुरेल.

"मले दंड नको," मानीबाई म्हणाली. "भट्टी बंद करा. मले दुसरं काईच नाई पाह्यजे."

"भट्टी बंद केल्यावर सगाईले काय पाजाव?" एक पंच म्हणाला. "पाहुन्याले काय ताक द्याव?"

आणि माणसं हसली. ज्या बाईचं तरणंताठं पोर मातीत जाऊन महिना झाला नव्हता, तिच्या तोंडावर ही माणसं हसली.

घागरी आल्या. कुठून आल्या? रामधनच्याच भट्टीवरून. दंड भरायला त्याला नाल्यापर्यंत चालत जावं लागलं, एवढीच काय ती त्याला शिक्षा. नायकानं द्रोण भरला आणि मानीबाईपुढं धरला. "घे बाई. तुहा न्याय झाला."

तिनं दोन्ही हात मागं घेतले. "नाई घेत."

"रीत मोडून राह्यली तू."

"मोडू द्या."

"तुहा निकाल अधुरा राह्यते ना मंग!"

"मले अधुराच पाह्यजे. जवरक मी घेत नाई, तवरक इथं कोनीच घेनार नाई. बसा मंग पाहत!"

आणि खरंच, रीतच तशी असल्यामुळं कुणाला काही करता येईना. ऊन वर चढलं. भरल्या घागरी मध्ये ठेवलेल्या, आणि भोवती सारा तांडा जिभल्या चाटत बसलेला. कुणी समजावलं, कुणी दटावलं, एका म्हाताऱ्यानं तर 'पोरी, ओठ तं लाव' म्हणून काकुळतीला येऊन हात जोडले. खेमसिंग गेल्यापासून पहिल्यांदाच मानीबाईला वाटलं, की आपल्या हातात काहीतरी आहे. ह्यांना अशीच कोरड पडू दे. मग भट्टीचं बोलतील.

पण नायक उगाच नायक नव्हता. "बाई नाई घेत तं घरचा मर्द घेईन," तो म्हणाला. "देवसिंगले बोलवा."

हे ऐकून मानीबाईला जवळजवळ आनंद झाला. देवसिंग! ज्यानं भावाच्या तोंडावरचा गुलाल आपल्या शाळेच्या सदऱ्यानं पुसून काढला, जो तेव्हापासून धड जेवला नव्हता, तो पोरगा हा द्रोण ह्यांच्या तोंडावर भिरकावेल. ती आपण होऊन बाजूला सरली. बघाच म्हणावं आता.

देवसिंग आला. चौदा वर्षांचा, खाकी चड्डीतला. त्यानं द्रोण दोन्ही हातांत घेतला, एकदा आईकडं पाहिलं, आणि तो प्याला.

एका दमात प्याला. ठसका नाही, खोकला नाही, तोंड वाकडं नाही. द्रोण रिकामा करून त्यानं मनगटानं ओठ पुसले. पहिल्यांदा पिणाऱ्याचं तोंड कसं होतं, ते तिनं उभ्या जन्मात पुष्कळ पाहिलं होतं. हे पहिल्यांदाचं नव्हतं.

"झाला निकाल!" लोक ओरडले.

"कवापासून?" मानीबाईनं विचारलं. "देवा, कवापासून? कोनं देल्ली तुले?"

"भियानं," तो पुटपुटला. "मांगच्या होळीले. म्हने, आता तू मोठा झाला."

भिया म्हणजे थोरला भाऊ. ज्याच्यासाठी ती इतके दिवस आतून जळत होती, तोच. नायकाचा हात पुढचा द्रोण भरायला घागरीकडं गेला होता. मानीबाईनं त्या घागरीला लाथ घातली. ती फुटली. दुसरी लाथ दुसरीला, ती लवंडली.

मग मात्र तांडा धावला. खेमसिंग भर उन्हात पडला होता तेव्हा ह्यांतला एक माणूस जागचा हलला नव्हता. आता पंच धोतरं सावरत धावले, पोरं धावली, कुणी लवंडलेली घागर उभी केली, कुणी वाहत्या दारूला ओंजळ लावली. रामधन 'वाया चालली, वाया चालली!' म्हणून बोंबलत होता. सोनीबाईचा नवरा गुडघ्यांवर बसून फुटक्या खापरात उरलेली पीत होता.

"पंचाईच्या घागरीले लाथ मारली तुनं!" नायक ओरडला. गोड बोलणं कुठल्या कुठं गेलं. "दंड बसते तुले! दोन घागरी!"

"रामधनच्याच भट्टीतून आनू का?" मानीबाई म्हणाली. "नाई देत. वाळीत टाका मले. टाका ना! तुमच्यात राहून तरी कोनतं पोरगं जगून राह्यलं?"

तिनं देवसिंगचं मनगट धरलं आणि ती दिग्रसच्या वाटेला लागली. तिला अडवायला कुणी आलं नाही. सगळे घागरीपाशी गुंतले होते.

त्याला आता पाच वर्षं झाली. दोघं जिनामागच्या वस्तीत राहतात. देवसिंग शाळा सोडून जिनातच कामाला लागला. मास्तर होणं राहिलं ते राहिलंच. मधूनमधून नायकाचा निरोप येतो: दोन घागरी भर, जातीत घेतो, पोराला चांगली मुलगी पाहतो. मानीबाई निरोप्याला पाणीसुद्धा विचारत नाही.

देवसिंग तिच्यापेक्षा उंच झाला आहे. कामावरून आला की तो दारातच वाकतो आणि ती त्याचं तोंड हुंगते. बहुतेक दिवस वास नसतो. ज्या दिवशी असतो, त्या दिवशी तिच्या तोंडाचा पट्टा साऱ्या वस्तीला ऐकू जातो. पण त्या शिव्या समोर उभ्या देवसिंगला नसतात. त्या नायकाला असतात, रामधनला, जमादाराला, मेलेल्या रामलालला. आणि सगळ्यांना देऊन झाल्या, घसा बसला, की शेवटी ती खेमसिंगला शिव्या देते, आणि तेवढ्याच वेळी तिचं रडणं वस्तीला ऐकू येतं.