शहाण्णव पहिली पानं

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी पटलं नाही, आणि अक्षर असं आहे की किराण्याची यादी पाठवली तर दुकानदार फोन करून एकेक वस्तू विचारतो. ही वही कोणाला दाखवायची नाही असं मी ठरवलं आहे. तरीही माफी मागून ठेवते, कारण जे लिहिणार आहे ते आमच्या प्रेसच्या मालकांबद्दल आहे, आणि छापलेली असो की हाताने लिहिलेली, चूक दिसली की मालकांचा घास हातातच राहतो. तर सांगायचं ते असं, की अख्ख्या इंदुरात, मला वाटतं अख्ख्या माळव्यात, आमच्या मालकांइतक्या नव्या कल्पना कोणाला सुचल्या नाहीत, आणि आपल्याच कल्पनांपायी त्यांच्याइतका आनंदाने कोणी बुडालाही नाही.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांपासून, जवळच एका गल्लीत त्यांची दोन खोल्यांची प्रेस होती. पुढच्या खोलीत छपाईचं मशीन, मागच्या खोलीत बाइंडिंग, आणि मधल्या दारात एक टेबल, त्याला मालक कॉर्पोरेट ऑफिस म्हणत. माणसं तीन. मालक, मशीनवर कन्हैयाजी, आणि बाइंडिंगला मी. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापून जे मिळे ते मालक मराठी पुस्तकं काढून घालवत. हिंदी शहरात मराठी पुस्तक विकणं म्हणजे काय ते ज्याने विकलं त्यालाच माहीत. दोनशे प्रती काढायच्या, साठ विकायच्या, चाळीस वाटायच्या, आणि उरलेल्या शंभरांवर मी दुपारी डबा ठेवून जेवायची.

एकदा मालक दिल्लीला प्रकाशकांच्या शिबिराला गेले. विषय होता पुस्तक व्यवसायातलं नेतृत्व आणि नवोन्मेष. तिथून ते लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र आणि वेगळीच चाल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तक्ता लागला. सगळ्यात वर मालक, खाली उत्पादन प्रमुख कन्हैयाजी, आणि गुणवत्ता प्रमुख मी. माझ्या पदाखाली कंसात 'सरस, दोरा, चहा' असं होतं. दर सोमवारी दहा वाजता मीटिंग ठरली. कन्हैयाजी म्हणाले, "भिया, तीन आदमी हैं. मैं इधर से बोलूं तो उधर सुनाई देता है. मीटिंग किस बात की?" मालक म्हणाले, "हेच तर, कन्हैयाजी. तुम्हांला व्हिजन नाही." कन्हैयाजी म्हणाले, "है ना. तनखा पांच तारीख को आती दिख रही है. कब से दिख रही है, आती नहीं." मालकांनी हे मीटिंगच्या वहीत 'कर्मचाऱ्यांच्या सूचना' या मथळ्याखाली लिहून घेतलं.

पुस्तक छापायचं की नाही हे ठरवायची त्यांची रीत तर कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. लेखक हस्तलिखित घेऊन आला की मालक त्याला मागच्या खोलीत आणून माझ्यासमोर बसवत. मी फर्मे मोडत, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालत असायची. लेखकाने वाचायचं आणि मालकांनी लेखकाकडे नाही, माझ्या हातांकडे बघायचं. ऐकता ऐकता माझा हात थांबला तर पुस्तक पास. नाही थांबला तर मालक उठून हात जोडत, "क्षमा करा साहेब, आमच्या गुणवत्ता विभागाने चाळीस फर्मे मोडले." एक निवृत्त इंजिनिअर आपल्या आत्मचरित्राची आठशे पानं आणि छपाईचा सगळा खर्च घेऊन आले होते. माझा हात काही थांबेना. मी जमिनीकडे बघत मनात म्हणत होते, थांब बाई, निदान चहाला तरी थांब, या माणसाचे पैसे आले तर आपला पगार होईल. पण हाताला कळतच नाही. मालकांनी ते पुस्तक परत केलं, आणि मी आठवडाभर कन्हैयाजींच्या नजरेला नजर दिली नाही.

मग पोह्यांची योजना. मालकांचं म्हणणं, इंदूरचा माणूस दिवसातून सात मिनिटं एका जागी उभा राहतो, तो पोहे खाताना. तेवढ्या वेळात संपेल अशी गोष्ट लांब पट्टीवर छापायची आणि प्लेटबरोबर द्यायची. छापल्या, दिल्या. पाचव्या दिवशी पोहेवाला पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन प्रेसवर आला. म्हणाला, "भैया, ये बंद करो. खाके आदमी हटता नहीं. पढ़ता रहता है, और पढ़ते-पढ़ते सेंव तीन बार मांगता है." मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "सुमनबाई, इतकं चांगलं परीक्षण आपल्या एकाही पुस्तकाला मिळालं नाही." तिसऱ्यांदा मागितलेल्या सेंवेचे पैसे त्यांनी खिशातून दिले.

पण ज्या पुस्तकापायी सगळं बुडालं ते पुढचं. इंदुरातल्या आणि महूच्या मराठी घराण्यांचं पुस्तक काढायचं, आणि ते लेखकाने नाही, घराण्यांनीच लिहायचं. एका घराला एक पान, पुढून मागून. आजोबा कुठून आले, काय करत होते, घरात कोणती वस्तू जपून ठेवली आहे, सगळं. पाचशे रुपये आधी भरून प्रकाशनपूर्व नोंदणी. मालकांनी स्कूटरवर घरोघर जाऊन शहाण्णव घरं नोंदवली. नोंदणीच्या फॉर्मवर त्यांनी शेवटी एक ओळ टाकली, 'पुस्तक पसंत न पडल्यास पैसे परत.' कन्हैयाजी म्हणाले, "ये लाइन मत डालो भिया. इंदौर है." मालक म्हणाले, "विश्वास हाच नवोन्मेष."

पानं आली आणि भांडण सुरू झालं, की पहिलं पान कोणाचं. पोतनीस आजोबांचे पूर्वज संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. ते काठी टेकत प्रेसवर आले आणि म्हणाले, "आमचं घराणं दरबारात गादीच्या उजव्या हाताला बसायचं. पुस्तकात आम्ही मध्ये कुठेतरी?" त्या दिवशी महूच्या गजभिये मॅडमही मजकूर तपासायला आल्या होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, बोलायला सरळ. त्यांचे आजोबा पलटणीत हवालदार होते. त्या कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "आमच्या आजोबांना बसायची नोकरीच नव्हती, साहेब. ते लढाईवर होते." मालकांनी मुळाक्षरांचा क्रम सुचवला. पोतनीस म्हणाले, "मुळाक्षरांनी दरबार चालत नसतो." मॅडम म्हणाल्या, "दरबार आता चालतोच कुठे?" दोघं गेल्यावर मालक दोन दिवस कागदावर क्रम लावत आणि फाडत बसले. तिसऱ्या दिवशी सोमवार होता. मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, की प्रत्येकाच्या प्रतीत त्याचंच पान पहिलं राहील. पानांना क्रमांकच द्यायचे नाहीत. "क्रमांक ही जुनी सरंजामशाही आहे," असं म्हणाले. कन्हैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सरसाच्या डब्याकडे पाहिलं.

शहाण्णव प्रती, शहाण्णव तऱ्हेच्या. मी जमिनीवर शहाण्णव गठ्ठे मांडून बसले. प्रत्येक प्रतीसाठी पानं उचलायची, त्यातलं एक ओढून वर ठेवायचं, पाठीला सरस लावून दाबायचं. मे महिना होता आणि पंखा लावायची सोय नव्हती, लावला की घराणी उडत. एकदा कन्हैयाजींनी दार उघडलं तर पोतनिसांचं पान उडून सरसाच्या डब्यात पडलं आणि ते परत छापावं लागलं. नऊ दिवस लागले. पण खरं सांगते, त्या नऊ दिवसांत मी ती सगळी घरं इतक्यांदा उचलली, की कोणाच्या घरी पितळी अडकित्ता आहे आणि कोणाची आजी झाशीहून बैलगाडीने आली हे मला अजून पाठ आहे.

प्रकाशन एका सभागृहात झालं. मी मागच्या खांबाआड उभी होते. प्रती वाटल्या, लोकांनी उघडल्या, आणि दहा मिनिटं सगळं सभागृह असं शांत झालं की मला वाटलं, मालक जिंकले. मग पोतनीस आजोबा नातवाला आपलं पान दाखवायला गेले आणि चुकून शेजारच्या खुर्चीवरची प्रत उचलली. शेजारी गजभिये मॅडम होत्या. "हे काय? इथे पहिलं तुमचं?" "माझ्या पुस्तकात मी नाही तर काय तुम्ही असणार?" पोतनिसांनी आपली प्रत उघडली, मग त्यांची, मग पुढच्या रांगेतल्या काकूंची. पाच मिनिटांत सगळे एकमेकांच्या प्रती उघडून बघत होते. मालक माइकवर गेले आणि म्हणाले, "मित्रहो, इथे प्रत्येक जण पहिला आहे." मागून कोणी तरी म्हणालं, "म्हणजे कोणीच नाही." आणि मग एकाने खिशातून फॉर्म काढून शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

पैसे तर कागदात आणि शाईत गेले होते. परत करायचे तर मशीन विकावं लागणार होतं, हे आम्हांला तिघांनाही कळत होतं. कन्हैयाजी म्हणाले, "पांच सौ के लिए कौन कोर्ट जाएगा, भिया? चुप बैठो, लोग भूल जाएंगे." मालक म्हणाले, "कोर्टाचं नाही हो. पुढच्या पुस्तकाचा फॉर्म घेऊन मी कोणाच्या दारात उभा राहणार?" वहिनी, म्हणजे मालकांची पत्नी, डबा घेऊन आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लिहून दिलंय ना? मग द्यायचे." मशीन हातोदच्या एका व्यापाऱ्याने घेतलं, धान्याच्या पोत्यांची लेबलं छापायला. कन्हैयाजीही त्याच टेंपोत बसून गेले. म्हणाले, "इसका रोलर मेरे सिवा किसी की सुनता नहीं." जाताना मालकांच्या पाया पडले, आणि भिंतीवरचा तक्ता काढून आपल्याबरोबर घेऊन गेले. मशीनचे बरेचसे पैसे कागदवाल्याने जुन्या उधारीपोटी नेले. उरले त्यात, आणि पुढे कचेऱ्यांच्या जुन्या फायली बांधून जे मिळे त्यात, दर रविवारी एक-दोन घरं फेडायची असं ठरलं.

मोबाइलवरून पैसे पाठवले असते तर एका जागी बसून झालं असतं. पण मालक म्हणाले, घेताना घरी गेलो होतो, देताना अंगठ्याने कसे देऊ. वहिनींनी मला बरोबर पाठवलं. म्हणाल्या, "सुमन, तू जा गं. हे परत करायला जातील आणि नवीन नोंदणी करून येतील." त्यांचं खरंच होतं. खजराण्याला एका घरी मी पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात मालकांनी पाचशे परत केले आणि पुढच्या पुस्तकाचे सातशे घेतले. वहिनींनी दुसऱ्या दिवशी तेही परत करायला लावले. गजभिये मॅडमकडे गेलो तर त्या म्हणाल्या, "मला पुस्तक पसंत आहे. पण सगळ्यांना परत आणि मला नाही, असं नको. आणा इकडे." पैसे घेतले आणि आम्हांला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

एक गोष्ट मालकांच्या ध्यानातच आली नव्हती. पैसे परत असं लिहिलं होतं, पुस्तक परत असं कुठे लिहिलं नव्हतं. लोक पैसे मोजून घेत आणि पुस्तक ठेवून घेत. मालक आधी हिरमुसले, मग बघू लागले. कोणी प्रतीला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. कोणी ती देवघराच्या फळीवर ठेवली होती. एका घरात पहिल्या पानावर पेनाने नव्या नातीचं नाव आणि जन्मवेळ लिहिली होती. दर रविवारी मालकांचा खिसा रिकामा होई आणि परतताना स्कूटरवर ते गुणगुणत.

शेवटी राहिले पोतनीस. सभागृहात सगळ्यात जोरात तेच बोलले होते, पण पैसे घ्यायला तयार होईनात. आज अमावस्या आहे, आज मुलगा गावाला आहे, पुढच्या रविवारी या. चौथ्या फेरीला मालक बूट काढत होते तेवढ्यात पोतनीस आजोबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, पैसे घेतले की पुस्तक द्यावं लागेल ना?" मी परक्यांसमोर बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, "फॉर्ममध्ये तसं लिहिलेलं नाही, आजोबा." त्यांनी लगेच पाचशे घेतले, दोनदा मोजले आणि सही केली. पुस्तक टेबलावरच होतं, मध्ये बसचं तिकीट घातलेलं. मी पाहिलं, ते त्यांच्या पानावर नव्हतं. आजोबांनाही कळलं मी पाहिलं ते. म्हणाले, "त्या महूच्या बाईंचा नंबर असेल का? त्यांच्या आजोबांनी लढाईवरून लिहिलेलं पत्र आहे ना, तुम्ही अर्धंच छापलंत. पुढे काय झालं ते विचारायचं होतं." मालकांचा चेहरा एकदम उजळला. नवी कल्पना सुचतानाची ती कळा मला चांगली ठाऊक होती. मी नंबर लिहून दिला आणि मालक काही बोलायच्या आत त्यांना बाहेर घेऊन आले.

बाहेर मालकांनी यादीतलं शेवटचं नाव खोडलं. स्कूटरला किल्ली लावली, पण चालू केली नाही. म्हणाले, "सुमनबाई, पुढच्या रविवारी कोणाकडे?"

मी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली. शहाण्णव नावं, शहाण्णव सह्या. कोणाचा एक रुपया राहिला नव्हता.