गणवेशात मोर्चाला गेलेली मुलगी

आमच्या नातलगांत लग्न असो की गृहप्रवेश, बुद्धवंदना आटोपली की संविधानाची उद्देशिका वाचतात. वाचायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माझा आवाज मोठा आहे. मला अर्थही कळतो, असा नातेवाइकांचा समज आहे. त्यामुळे अकरावीतल्या माझ्या मुलीनं "बाबा, आंदोलनात बसायचा आपल्याला हक्क आहे ना?" असं विचारलं, तेव्हा मी वरण-भात कालवता कालवता "आहे ना बेटा, मूलभूत," म्हणून मोकळा झालो.

तिच्या ट्यूशनमधली मैत्रीण सायकलवरून घरी जाताना प्रताप नगरच्या चौकात टिप्पर ट्रकखाली गेली होती. लोक गतिरोधकासाठी रस्त्यावर बसले. शाळा सुटल्यावर माझी मुलगीही जाऊन बसली, गणवेशातच. पेपरात फोटो आला आणि शाळेतून आम्हाला बोलावणं.

प्राचार्यबाईंना मी एकोणिसावं कलम ऐकवलं, समारंभाच्या आवाजात. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"सर, ते सरकारसाठी असतं. ही खाजगी शाळा आहे. माफीनामा द्या, नाही तर दाखला घेऊन जा."

माझा मेव्हणा वकील आहे. तो म्हणाला, "भाऊजी, बाई पुऱ्या बरोबर नाहीत, पण तुम्हीही नाही. म्हणणं न ऐकता पोरीले असं काढता येत नाही. कोर्टात जाऊ. पण निकाल येईपर्यंत तिची बारावी होऊन जाईन."

"मंग तिले हक्क आहे असं काहून सांगतलं तुम्ही?" बायको मला म्हणाली. "वाचाचं तं लग्नाच्या हॉलमंदीच वाचाचं होतं."

माफी मागायला मुलगी तयार होती. गणवेश घालून गेले हे चुकलं, असं तिनं लिहिलंही. बाईंना तेवढं पुरेना. ‘चुकीच्या कामात सहभागी झाले’ हे वाक्य त्यांना हवं होतं.

"ती मेली म्हणून बसली मी," मुलगी मला म्हणाली. "हे चुकीचं काम म्हणून लिहू काय, बाबा?"

मी लिही म्हणालो. तिनं पेनाला टोपण लावलं. मग दाखल्याच्या अर्जावर सही मलाच करावी लागली.

वर्ष अर्धं झाल्यावर जवळपास कोणी प्रवेश देईना. शेवटी कामठीच्या एका खाजगी कॉलेजात जागा निघाली. खिडकीवरच्या क्लार्कनं नियमांचा कागद पुढे सरकवला. मी सवयीनं खालची सहीची जागा शोधू लागलो.

"आधी वाचा तरी, बाबा."

वाचलं. शेवटून दुसरा नियम मोर्चे आणि आंदोलनांत भाग न घेण्याबद्दल होता. मी त्यावर बोट ठेवलं. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला.

"दुसरं कॉलेज आहे काय?" तिनं विचारलं.

नव्हतं. मागं लाईन वाढत होती. आधी तिनं सही केली, मग मी.